दोनची पेटी

त्या कारागृहाच्या मोठ्या दरवाजाशेजारी भिंतीत एक लोखंडी पेटी बसवलेली होती. टपालपेटीला असते तशी तिला बाहेरून फट होती आणि आतून कुलूप. कोर्टाने कुणाचा जामीन मंजूर केला की वकिलाचा कारकून सुटकेचा कागद आणून त्या फटीतून आत सोडायचा. पेटी दिवसातून तीनदा उघडायची, सकाळी दहाला, दुपारी दोनला आणि संध्याकाळी सहाला. सहाच्या पेटीत कागद निघाला तर माणूस दुसऱ्या दिवशी सुटायचा, कारण संध्याकाळी कैद्यांची गिनती झाली की बराकीचं दार कुणासाठीही उघडत नसे. म्हणून सगळ्यांचा जीव दोनच्या पेटीत अडकलेला असायचा. ‘अमका दोनच्या पेटीत निघाला’ म्हटलं की तो आज घरी जेवणार, असं बराकीत समजलं जाई.

पेटीची किल्ली अधीक्षक साहेबांकडे असे. पूर्वी ती दरवाजावरच्या माणसांकडे असायची आणि कागद आला की नाही हे त्यांच्या मर्जीवर ठरायचं, म्हणून मुद्दाम तसा नियम केला होता. गेली तीन वर्षं साहेब दिवसातून तीनदा स्वतः चालत दरवाजापर्यंत येत, कुलूप काढत, कागद मोजत आणि हवालदारांनी पुढे धरलेल्या नोंदवहीत सही करत. एकदा तापाने फणफणले होते, तर मफलर गुंडाळून आले होते.

कैदी पाठीमागे त्यांना हेडमास्तर म्हणत. साहेबांच्या कानावर ते आलं होतं आणि खरं सांगायचं तर मनातून त्यांना आवडलंही होतं. कारागृहात शिवणकामाचा वर्ग होता, सुतारकामाचा होता, दारू सोडवायच्या बैठका होत्या. पण साहेबांचा जीव लिहायवाचायच्या वर्गात होता. चार नंबरच्या बराकीच्या टोकाला फाटक्या घोंगड्यांची एक खोली होती. ती त्यांनी रिकामी करून धुऊन घेतली, एका भिंतीला काळा रंग देऊन फळा केला आणि दुपारी तास दीड तास स्वतः शिकवायला लागले. मोठ्या माणसाला शिकवायचं म्हणजे आधी त्याची लाज घालवावी लागते, अक्षर मागाहून येतं. हे साहेबांना नेमकं जमायचं. कुणी उलटं अक्षर काढलं तर ते म्हणत, “वा, अक्षर आलं. फक्त तोंड पलीकडे करून बसलंय. वळव त्याला इकडे.” दाढीवाली माणसं पोरांसारखी हसत आणि खोडरबर शोधत.

अडचण एकच होती. इथे बहुतेक जण खटला उभा राहायची वाट बघत बसलेले. शाळेतली मुलं पास होऊन वर्ग सोडतात, इथली जामीन होऊन सोडत. कुणी ‘म’पर्यंत येऊन जाई, कुणाला नुकताच काना जमायला लागलेला असे. सुटणाऱ्याचा आनंद बघायचा की आपला वर्ग रिकामा होतोय म्हणून हळहळायचं, हे साहेबांना कळेनासं होई. वरच्या कार्यालयाला मात्र यातलं काही नको होतं. त्यांना आकडा हवा होता. तीन वर्षांत किती जण परीक्षा पास झाले? कधी चार, कधी सहा. शेवटी पत्र आलं. या खेपेला किमान बारा जण उत्तीर्ण झाले नाहीत तर वर्ग बंद करून खोली गोदामाला परत द्यावी.

बावीस जणांनी सुरुवात केली होती. परीक्षेच्या दिवशी बरोबर बारा उरले होते.

त्या बारातला एक फिटर होता. वय तिशीच्या आतबाहेर. ज्या गॅरेजात कामाला होता तिथे त्याने एका गाडीचं इंजीन उतरवलं आणि ती गाडी चोरीची निघाली. मालक नामानिराळा राहिला आणि हा पाच महिने आत. वर्गात तो सगळ्यात हळू, पण सगळ्यात चिवट. अक्षर असं काढायचा की जणू नट पिळतोय. ओळ संपली की बोटाने पुन्हा चाचपून बघायचा. घरी आई आणि एक बहीण. आई बरेच दिवस आजारी होती. तिला दवाखान्यात हलवल्यावर त्याने भेटीचा अर्ज केला होता, आणि तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता.

परीक्षा दीड ते साडेतीन. शिक्षण खात्यातून एक बाई पेपर घेऊन आल्या. त्या सहा महिन्यांतून एकदाच यायच्या आणि त्यांचा कारभार घड्याळावर चालायचा.

“मधेच उठला तो गैरहजर,” त्यांनी पेपर वाटता वाटता सांगितलं. “मग मला काही सांगायचं नाही.”

“आणि नापास झालो तर?” गुडघे धरून बसलेल्या आजोबांनी विचारलं. भावाशी बांधावरून मारामारी करून ते आत आले होते. “नापास झालो तर आणखी सहा महिने ठेवणार का आम्हाला?”

“आजोबा, तुम्ही पास झालात तरी ठेवणारच आहोत,” साहेब म्हणाले आणि खोलीभर हसू पसरलं. फिटरही हसला, पण त्याचं लक्ष पेन्सिलीच्या टोकाकडे होतं.

दोनला दहा मिनिटं कमी असताना हवालदार वर्गाच्या दाराशी आले. साहेब बाहेर गेले.

“साहेब, पेटीत पडलंय काहीतरी. सव्वाला कारकून येऊन गेला.”

“बरं.”

“आज सकाळी फिटरच्या जामिनाची तारीख होती. त्याची बहीण बाहेर उभी आहे. फार घाईत दिसतेय.”

साहेबांनी दारातून आत पाहिलं. फिटर दुसऱ्या प्रश्नावर होता. जीभ दातात धरून लिहीत होता. बारा डोकी खाली वाकलेली होती. साहेबांनी ती पुन्हा एकदा मोजली.

“इथे घाई कुणाला नसते, हवालदार?” ते म्हणाले.

बहिणीला कसली घाई आहे, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

“पेटी साडेतीनला उघडू,” ते म्हणाले. “पेपर सुटू दे. पेटी उघडली नाही तोवर आत काय आहे ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही.”

हवालदार चुळबुळले. “नोंदवहीत वेळ...”

“तुम्ही रोज आधीच लिहून ठेवता ना?”

“हो. दोन लिहिलंय.”

“मग राहू दे.”

हवालदार गेले. साहेब वर्गात आले आणि खिडकीपाशी उभे राहिले. तिथून अंगणापलीकडचा दरवाजा दिसायचा. खिशात किल्ली होती. दोन वाजले तेव्हा त्यांचे पाय सवयीने हलले. ते त्यांनी जागेवर रोवले. पाच महिने बसला आहे बिचारा, आणखी दीड तासाने काय आभाळ कोसळणार? आणि मिळणार ते त्यालाच. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या नावाचा पास झाल्याचा कागद होईल. आज उठून गेला तर पुन्हा कधी कुणी त्याला परीक्षेला बसवणार आहे? असं ते स्वतःला समजावत होते. वर्गाचा विचार त्यांनी सगळ्यात शेवटी केला, निदान तसा केल्याचं त्यांना वाटत होतं.

साडेतीनला बाईंनी पेपर गोळा केले. तिथेच बसून लाल पेनाने तपासले. बाराच्या बारा पास. आजोबांना बरोबर काठावरचे गुण होते, फिटरला त्यांच्याहून अकरा जास्त. साहेबांनी बाईंचे आभार मानले आणि जवळजवळ पळतच दरवाजा गाठला. पेटीत एकच कागद होता. तो फिटरचा होता.

सुटका म्हणजे काही चुटकीसरशी होत नाही. कागदावरचा शिक्का तपासायचा, दुसरा काही गुन्हा नोंदलाय का ते बघायचं, अंगठा घ्यायचा, जमा केलेलं सामान परत द्यायचं. कितीही घाई केली तरी तास जातो. पावणेपाचला छोटं दार उघडलं आणि फिटर वाकून बाहेर गेला. जाताना साहेबांच्या पायाशी वाकायला लागला, तर त्यांनी त्याला दंडाला धरून उभं केलं.

“आधी घर गाठ,” ते म्हणाले. “परीक्षेचा कागद आला की कळवतो.”

संध्याकाळी घरी चहा घेताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. सांगायचं कारण नव्हतं, पण आकडा भरल्याचं सांगता सांगता तेही ओघात आलं. त्यांच्या पत्नीने तीस वर्षं बालवाडी चालवली होती. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली,

“अहो, पण त्याला विचारायचं तरी.”

“परीक्षा चालू होती, अगं.”

“म्हणूनच. जाऊन कानात सांगायचं, बाबा रे, तुझा कागद आला आहे, बसतोस की जातोस? लहान मूल होतं का ते?”

“गेला असता उठून.”

“गेला असता तर गेला असता,” ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

साहेबांना राग आला. पण कुणाचा, ते त्यांना धड सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास फिटर आणि त्याची बहीण दरवाजावर आले. गडबडीत त्याचं लायसन्स सामानाच्या पुडक्यात राहून गेलं होतं. साहेबांनी दोघांना ऑफिसात बोलावून घेतलं. हातात निकालाचा तक्ता होता. तो आजच्या टपालाने वर जायचा होता, बारा पेपर त्याला टाचलेले होते. फिटर दिसताच ते उभेच राहिले.

“ये ये! अरे, पास झालास. चांगल्या गुणांनी.”

फिटरने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर दोन दिवसांची झोप साचली होती.

“आई गेली, साहेब.”

साहेब खाली बसले. “कधी?”

“त्याच दिवशी. मी पोहोचलो तेव्हा झालं होतं सगळं.” तो हळू बोलत होता. “सिस्टर म्हणाली, तीन पन्नासला. तोपर्यंत दाराकडे बघत होती म्हणे.”

“आणि मी इथे तुमच्या दाराकडे बघत उभी,” बहीण म्हणाली. ती फिटरपेक्षा चार वर्षांनी मोठी, शिवणाच्या कारखान्यात कामाला होती. सगळे तिला ताईच म्हणत. “डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं की आजचा दिवस कठीण आहे. आई म्हणाली, त्याला घेऊन ये. घेऊनच ये म्हणाली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगून निघाले मी. तुमच्या हवालदाराने सांगितलं, पेटी दोनला उघडते. म्हटलं, दोनला उघडली तर तीनपर्यंत बाहेर, साडेतीनला पोहोचू.”

“ताई, जाऊ दे ना,” फिटर म्हणाला. “कोर्टाचं नेहमीचंच. कागद उशिरा आला असणार. साहेबांनी काय करायचं? उलट त्यांच्यामुळे मला दोन ओळी लिहिता येतात.”

“कागद उशिरा नाही आला. सव्वाला माझ्या डोळ्यादेखत टाकला कारकुनाने.” ताईने साहेबांकडे पाहिलं. “मला एवढंच सांगा. पेटी किती वाजता उघडली?”

हवालदार दाराशीच होते. ते चटकन पुढे झाले. काखेतली नोंदवही उघडून त्यांनी टेबलावर ठेवली आणि ओळीवर बोट टेकवलं. “हे बघा, बाई. दोन वाजता. साहेबांची सही आहे. नंतर कागद तपासायला वेळ लागतो. शिक्का, अंगठा, सतरा भानगडी असतात. कधी तास, कधी तीन तास.”

फिटर वहीवर वाकला. सवयीने त्याचं बोट ओळीवरून सरकलं आणि ओठ हलले. “दोन... वाजता,” त्याने वाचलं. “बरोबर आहे, ताई. दोनच लिहिलंय.”

त्याच्या आवाजात समाधान होतं. लिहिलेलं वाचता येतंय आणि जे लिहिलंय तेच खरं आहे, एवढा त्याचा विश्वास होता. तो साहेबांनीच त्याला दिला होता.

हवालदार साहेबांकडे बघत होते. आता गप्प राहा, एवढंच त्यांच्या नजरेत होतं. गप्प राहिलं असतं तर खरोखरच निभावलं असतं. दोघं उठली असती, लायसन्स घेऊन गेली असती, दुपारच्या टपालाने तक्ता वर गेला असता. त्यांनी नोंदवही मिटली.

“ते खोटं आहे,” ते म्हणाले. “मी पेटी दोनला उघडली नाही. साडेतीननंतर उघडली. परीक्षा चालू होती. तू उठून गेला असतास तर पेपर फुकट गेला असता. वर्गाला बारा जण पास हवे होते आणि तू बारावा होतास. बहीण बाहेर आहे हे मला माहीत होतं. ती का आली आहे हे मी विचारलं नाही.”

साहेब वाट बघत होते. आता ती ओरडेल, आता तो कॉलर धरेल. ते झालं असतं तर बरं झालं असतं. पण फिटर नुसता बसून राहिला. मनात हिशेब चालू असल्यासारखी त्याची बोटं मांडीवर हलत होती.

“म्हणजे वीस मिनिटं भेटली असती,” तो म्हणाला.

“हो.”

“तिसरा प्रश्न काय होता साहेब? आपल्या कामाविषयी लिहा. मी क्लचप्लेट बदलायचं लिहीत होतो.” तो थांबला. “मला वेळ कमी पडेल असं वाटत होतं. खिडकीत तुम्हाला बघून धीर आला.”

ताईने तोंडाला पदर लावला. तिचा आवाज मात्र कोरडा होता. “चल. उठ आता.”

“थांब, ताई.” फिटर साहेबांकडे वळला. “माझा पेपर कुठे आहे?”

“हा इथे. वर जायचाय.”

“तो मला द्या.”

साहेबांना आधी उमगलं नाही. “अरे, तो सरकारी कागद आहे. तुला प्रमाणपत्र मिळेल, त्याच्याहून...”

“प्रमाणपत्र नको. पेपर द्या. मला त्यात धरू नका, एवढंच मागतोय.”

“साहेब,” हवालदार हलक्या आवाजात म्हणाले, “अकरा होतील.”

ते साहेबांना कुणी सांगायला नको होतं. एक पेपर काढला की अकरा, आणि अकरा म्हणजे खोली गोदामाला. बाकीच्या अकरांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? आजोबा आज सकाळपासून बराकीत दिसेल त्याला स्वतःचे गुण सांगत होते. साहेबांना ते फिटरला सांगावंसं वाटलं. शब्द अगदी ओठांवर आले होते, ‘अरे, त्यांचा तरी विचार कर.’ मग त्यांच्या लक्षात आलं की परवा खिडकीपाशी उभं राहून आपण नेमकं हेच म्हणत होतो.

त्यांनी टाचणी काढली. पेपर शोधायला वेळ लागला नाही, अक्षर लांबूनच ओळखू येत होतं. तो त्यांनी फिटरच्या हातात दिला. तक्त्यावरच्या बाराव्या ओळीवर रेघ मारली, खाली आकडा बदलला आणि सही केली. मग नोंदवही उघडून त्या दिवसाच्या ‘दोन’वर काट मारली आणि शेजारी खरी वेळ लिहिली.

“साहेब, चौकशी लागेल,” हवालदार म्हणाले. “मीही अडकीन त्यात.”

“वेळ मी लिहायला लावली, असं लिहितो. तुमच्यावर येणार नाही.”

फिटरने पेपर वाचला नाही. चार घड्या घालून खिशात ठेवला. लायसन्स घेतलं. या वेळी वाकला नाही. दाराशी ताई थबकली.

“त्याला आत येऊन विचारलं असतंत ना,” ती म्हणाली, “तर तो बसलाही असता कदाचित. तुमचा शब्द मोडला नसता त्याने.”

ती गेली. साहेबांना वाटलं, तिने शिव्या दिल्या असत्या तर त्या पचवणं सोपं गेलं असतं.

दुपारी दोनची पेटी त्यांनी दोनला उघडली. ती रिकामी होती. तिथून ते सरळ वर्गावर गेले. अकरा जण ओळीत बसले होते. कुणीतरी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘पास’ असं लिहून ठेवलं होतं. आजोबांनी अंघोळ करून केस चापून बसवले होते.

साहेबांनी काही लपवलं नाही. लहान मुलांना सांगावं तसं सोपं करूनही सांगितलं नाही. काय केलं ते सांगितलं, फिटरची आई गेल्याचं सांगितलं, तक्त्यात आता अकराच नावं आहेत आणि वर्ग बहुधा महिनाभरात बंद होईल, हेही सांगितलं. तुमचे पेपर तुमचेच आहेत, प्रमाणपत्रं मिळतील, असं म्हणाले.

मागच्या ओळीतला एक टेम्पोचालक उठला, म्हणाला, “माझ्याही जामिनाची तारीख गुरुवारी आहे, साहेब,” आणि खाली बसला. ते एक वाक्य खोलीत तसंच राहिलं. प्रत्येक जण मागे सुटून गेलेल्यांच्या तारखा आठवत असल्याचं साहेबांना दिसत होतं. कुठला कागद कधी आला होता, कुठली पेटी कधी उघडली होती. तीन वर्षं एकदाही चुकलो नव्हतो, हे आता त्यांना कुणाला सांगता येणार नव्हतं. सांगितलं असतं तरी मानायचं कुणी?

“आजोबा,” त्यांनी विचारलं, “तुम्हाला काही म्हणायचंय?”

आजोबांनी गुडघा चोळला. “म्हणायचं काय, मास्तर. फिटरने मला र आणि स यातला फरक सांगितला होता. तुमच्याकडून कळत नव्हता.” ते भिंतीला धरून उठले. “मी जातो बराकीत. पाठ धरलीय.”

त्यांच्या पाठोपाठ आणखी दोघं उठले. मग टेम्पोचालक. साहेबांनी कुणाला अडवलं नाही. वर्गाला यायची सक्ती कधीच नव्हती, तेवढी एक गोष्ट त्यांनी पहिल्या दिवसापासून पाळली होती. चार जण मात्र बसून राहिले. ते साहेबांसाठी बसले होते की बराकीत उकडत होतं म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता. साहेबांनी फळा पुसला, खडू घेतला आणि कालचा धडा जिथे राहिला होता तिथून पुढचा शब्द लिहिला. चौघांपैकी कुणीही तो रोजच्यासारखा मोठ्याने वाचला नाही.